तलवार कोणाची होती

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आज का सांगतोय? परवाच्या रविवारी मी इतका हसलो, की घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

अमरावतीच्या आमच्या वस्तीत आता महिन्यातून एकदा सगळ्यांचे वाढदिवस एकत्र होतात, कमलमावशीच्या अंगणात. पलीकडच्या चौकातले पोट्टेही येतात — एके काळी त्यांची आणि आमची डोकी फुटेस्तोवर हाणामारी व्हायची. केक उलथन्यानेच कापायचा, हा मावशीचा नियम. परवा तिचा मुलगा विशाल मला म्हणाला, "भाऊ, तुमच्या मेणबत्त्यांसाठी दुसरा केक आनू का?" मावशी म्हणाली, "त्याचं वय नको मोजू, त्याले नाचव आधी." आणि मी नाचलो. दोन्ही चौक टाळ्या वाजवत होते.

हा नियम का आला, ते वस्तीला माहीत आहे. पण अर्धंच.

सात-आठ वर्षांपूर्वी मी चौकाचा 'भाऊ' होतो. चाळिशीचा माणूस, अन् फ्लेक्सवर गॉगल लावून फोटो — हसा, हसण्यासारखंच आहे. माझ्या वाढदिवसाला भर रस्त्यात तलवारीने केक कापला. कशासाठी? पलीकडच्या चौकाला दिसावं म्हणून. व्हिडिओ फिरला. त्यात केक कापून झाल्यावर तलवार नाचवणारा विशाल होता. मी कुठेच नव्हतो.

पोलीस आले. तलवार कोणाची? माझी होती. अकोल्याहून मीच आणली होती, चादरीत गुंडाळून. विशालपासून दोन हातांवर उभा होतो मी. नुसता गप्प राहिलो असतो तरी — पण नाही, मी बोललो. "पोट्ट्यानं कुठून आनली, मले काय माईत?"

विशालने माझ्याकडे एकदा पाहिलं. आणि 'माझीच आहे' म्हणाला. भाऊला अडकवायचं नसतं — हे त्याला शिकवलं कोणी? मीच ना.

तो पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे बडनेरा रोडवर धावायचा. केस चालत राहिली आणि त्याचं भरतीचं वय निघून गेलं. मावशी रडत बसली नाही. दोन्ही चौकांतल्या आयांना तिने गोळा केलं — वाढदिवस करा, पण माझ्या अंगणात. मीही हळूच त्यांच्यात सामील झालो, खुर्च्या मांडू लागलो. तिला वाटतं, आमच्या चौकाची टोळी मी मोडली. मी तिला तसं वाटू दिलं.

विशालची वर्दी मी घालवली. आणि परवा त्याच्या आईने केकचा पहिला घास मला भरवला — तो मला गोड लागला.