तिसरा प्लग

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गाडीच्या इंजिनात चौथा स्पार्क प्लग बसवत होते. फोन माझ्या यजमानांचा होता, माजलगावच्या दवाखान्यातून. "गेले गं..." एवढंच ते बोलले. मी फोन बाजूला ठेवला. प्लग आट्यांवर धरून बोटांनीच शेवटपर्यंत फिरवला, मग पान्यानं घट्ट केला, वायरची टोपी दाबून बसवली, बोनेट लावलं आणि मग रडले. गाडीवाला शेजारीच उभा होता. त्यानंच गावात सांगितलं असणार, कारण दहाव्याच्या आत माझ्या कानावर आलं की लिंबाजी मिस्त्रीच्या सुनेला सासऱ्याचं काही वाटलं नाही, ती गाडीच करत बसली. बोलणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार? पण प्लग अर्धवट सोडून मी दवाखान्यात पोचले असते, तर मामांनी तिथून उठून मला झापलं असतं. त्या गोष्टीला आता दीड महिना होईल. आधीच सांगून ठेवते, हा लेख रडका नाही. मला माझ्या सासऱ्यांचा अभिमान आहे आणि तो मी इथं मिरवणार आहे.

आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात. मामांचं गॅरेज दिंद्रुडला, रस्त्याकडेला, पत्र्याचं. त्याला लागून सुट्या भागांचं छोटं दुकान, तिथल्या काउंटरवर मी बसायचे. मी नांदूरघाटची. बी.ए. झालेली, मराठी विषय घेऊन. लग्नाआधी बोनेटच्या आत काय असतं याच्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. यजमान एसटीत कंडक्टर, त्यांना पाना धरायचाच कंटाळा, त्यामुळे मामांचं काम बघायला घरात मी एकटीच उरले. डिझेल जीपा आणि ट्रॅक्टर करणारे मिस्त्री आमच्या भागात गल्लोगल्ली आहेत. पेट्रोलची गाडी धक्के मारायला लागली, चढाला दम टाकायला लागली, की लोक लिंबाजी मिस्त्रीचं नाव काढायचे. उमापूरहून एक गृहस्थ निव्वळ प्लग बसवून घ्यायला यायचे. वाटेत पन्नास गॅरेजं सोडून यायचे, आणि हे मामा प्रत्येक पाहुण्याला दोनदा सांगायचे. तेवढी हौस त्यांना होती.

नवा प्लग डब्यातून निघाला की तयारच असतो असं सगळ्यांना वाटतं. मामांना ते कधीच पटलं नाही. प्लगच्या टोकाला मध्ये एक बारीक खांब असतो आणि त्याच्यावर बाहेरून वाकून आलेली एक पट्टी. दोघांच्या मध्ये ठिणगीपुरती फट. ती फार झाली की ठिणगी चुकते, कमी झाली की दुबळी पडते, आणि चारांपैकी एकाची जरी बिघडली तरी अख्खं इंजिन लंगडतं. कारखान्यातून दिंद्रुडपर्यंत येताना डबा कितीदा आपटला हे डब्यावर लिहिलेलं नसतं, असं मामा म्हणत. मग ते प्लग उजेडात धरून पांढऱ्या चिनीमातीला चीर गेलीय का बघायचे, आट्यांवरून नख फिरवायचे, आणि शेवटी गेज काढायचे. गेज म्हणजे पातळ पोलादी पत्त्यांचा जुडगा, प्रत्येक पत्ती वेगळ्या जाडीची. त्या गाडीच्या मापाची पत्ती फटीतून फिरवायची. पत्ती जराशी धरली पाहिजे, अडली नाही पाहिजे. फट मोठी असली तर पट्टी लाकडावर हलकेच टेकवायची, लहान असली तर पट्टीच तेवढी उचलायची. मधल्या खांबाला हात लावणारा माणूस त्यांच्या लेखी मिस्त्रीच नव्हता.

लग्नाच्या पहिल्या वर्षी माझी भाजी खारट झाली तेव्हा ते ताटावर बसून गंभीरपणे म्हणाले होते की नवी सून अन् नवा प्लग, दोन्ही तयार होऊनच येतेत असं धरून चालू नये. मीही काही कमी नव्हते. सासरे तरी तयार होऊन येतात का, असं विचारलं. आत्यांचा हात भाकरीवरच थांबला. मामा मात्र ठसका लागेपर्यंत हसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला काउंटरवरून उठवून हातात गेज दिलं. माझं शिक्षण असं सुरू झालं.

मग त्यांना साखर लागली आणि साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्ला. डॉक्टरांनी सांगितलं की आहे तेवढी नजर टिकवायची, गेलेली येणार नाही. माणूस ओळखू यायचा, गाडीचा रंग कळायचा, पण प्लगची फट दिसायची बंद झाली. मामांनी काम सोडलं नाही. पत्ती बोटाला सांगते, डोळ्याला नाही, असं म्हणून ते बोटांवर काम करायला लागले. बाजारात कुजबुज सुरू झालीच. आंधळ्याच्या हातात गाडी द्यायची का, असं एकजण आमच्याच दुकानात उभं राहून बोलला. मी त्याला जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. त्या संध्याकाळी मामांनी मला समोर बसवलं आणि एक करार केला. ते फट लावतील, मी मागून प्रत्येक प्लग गेजनं बघायचा आणि जे असेल ते सांगायचं.

"ज्या दिशी चुकंल त्या दिशी मी पाना खाली ठिवीन," ते म्हणाले. "पर सांगायचं तू. लाज धरायची न्हाई."

मी हो म्हटलं. चार महिने मी त्यांच्या मागे प्लग तपासत होते आणि चार महिन्यांत एकही चुकला नाही. माझ्या डोळ्यांनी मी जेवढं अचूक लावत नव्हते, तेवढं ते बोटांनी लावत होते. मला त्याचा इतका गर्व झाला की माहेरी गेले तरी तेच सांगत सुटायचे. आणि मग शाळेची पोरं नेणारी एक पांढरी व्हॅन आली. मामांनी चार नवे प्लग लावून माझ्या पुढ्यात ठेवले. पहिला बरोबर, दुसरा बरोबर. तिसऱ्यात पत्ती शिरेचना. मी मान वर करून बघितलं. मामा फडक्याला हात पुसत रस्त्याकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की माझी जीभ उचललीच नाही. आवाज न करता मी ती पट्टी उचलली, पत्ती फिरवून बघितली आणि म्हणाले, "चारी बरोबर आहेत मामा."

चहा आला, तो मामा बशीत ओतून सावकाश प्यायले. मग विचारलं, तिसरा बघितला का. मी हो म्हटलं.

"त्यो मी मुद्दाम दाबलता," मामा म्हणाले. "आता मागच्या चार महिन्यात किती बरोबर हुते, ते मला कसं कळंल?"

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. खरंच सगळे बरोबर होते, देवाशपथ बरोबर होते, पण आता हे मी कोणत्या तोंडानं सांगणार... एका खोट्यानं माझी चार महिन्यांची खरी साक्ष मातीत घातली होती. मी त्यांच्यावर माया केली असं मला वाटत होतं. माझी माया त्यांना नको होती. त्यांना माझे डोळे हवे होते, आणि तेवढेच मी द्यायचे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला वही काढायला लावली आणि त्या चार महिन्यांतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्याकडून फोन लावून घेतला. बोलले स्वतः. प्रत्येकाला एकच सांगितलं, माझी नजर गेलीय, तुमचे प्लग मी बोटावर लावलेत, एकदा गाडी आणा आणि तुमच्या डोळ्यांनी बघून जा. मी हातापाया पडले. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही आता कळणार, होतं ते नावही जाणार, असं यजमानांनीही सांगून बघितलं. मामांनी ऐकलं नाही. आठवडाभरात अकरा गाड्या आल्या. उमापूरचे गृहस्थसुद्धा आले. प्रत्येक गाडीचं इंजिन गार होऊ दिलं, प्लग काढले, पुसले आणि गिऱ्हाइकाच्याच हातात गेज देऊन पत्ती फिरवायला लावली. मी कोपऱ्यात उभी राहून प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाच्या बोटांकडे बघत होते. अकराच्या अकरा गाड्या बरोबर निघाल्या. वापरानं केसभर फरक पडतो तेवढाच. शेवटची गाडी उमापूरच्या गृहस्थांचीच होती, ती बघून झाल्यावर ते म्हणाले, मिस्त्री, तुमच्या बोटांना मानलं. मामा त्यांना म्हणाले, "बोटाचं सोडा. माझी सून चार म्हैने खरं बोललीती, त्ये मला बघायचं हुतं."

मला वाटत होतं ते स्वतःचं नाव धुऊन घेतायत. त्यांनी माझं धुऊन दिलं होतं. त्यासाठी स्वतःचं आंधळेपण त्यांनी पंचक्रोशीत स्वतःच्या तोंडानं सांगितलं. या माणसाचा अभिमान मी मिरवू नको तर काय करू?

पुढच्या वर्षी तो दिवस आलाच. एका लहान गाडीचे चार प्लग होते, चौथ्यात पत्ती सैल गेली. मी परत फिरवून बघितली. मग गेज बंद केलं आणि म्हणाले, "मामा, चौथा चुकला." त्यांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं चाचपला, मान हलवली. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले आणि पाना माझ्या बाजूला सरकवला. त्यानंतर त्यांनी एकही प्लग लावला नाही. खुर्चीत बसून इंजिनाचा आवाज ऐकायचे, मला चुका सांगायचे आणि आल्यागेल्याला, "आता मिस्त्री ती हाय," असं माझ्याकडे बोट करून सांगायचे. तेव्हा मी मान खाली घालून काम करत राहायचे, कारण डोळे भरल्यावर फट दिसत नाही.

ते गेल्यावर गॅरेज सुरू केलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता माझ्या मागे बघायला कुणी नाही. यजमान दिवसभर ड्युटीवर. आत्या दुकानात माझ्या सोबतीला येऊन बसायला लागल्या होत्या, तेवढ्याच. त्यांनी जन्मात कधी पान्याला हात लावलेला नाही, ग्रीसचा वास आला की पदर नाकाला. परवा त्या फारच गप्प बसलेल्या दिसल्या, म्हणून त्यांना काहीतरी काम द्यावं एवढ्याच हेतूनं मी नुकतेच लावलेले चार नवे प्लग त्यांच्या मांडीवर फडक्यात ठेवले, गेजची पत्ती काढून दिली आणि कशी फिरवायची ते दाखवलं. बघा हो आत्या, बरोबर आहेत का, असं म्हणून मी एअर फिल्टर झटकायला वळले. हो म्हणतील असंच मी धरून चालले होते.

फिल्टर झटकून झाला. मग त्या म्हणाल्या, "ह्यो दुसरा ढिला हाय."

मी हसले. म्हटलं, आत्या, आत्ताच लावलाय मी.

"बाकीच्या तिन्हीत पत्ती जरा धरती. ह्यात नुसतीच जाती," त्या म्हणाल्या. "तुला राग येऊ दे न्हाईतर काई होऊ दे. ढिला हाय."

मी प्लग घेतला, उजेडात गेले, पत्ती फिरवली. ढिला होता. फार नाही, पण होता. मी त्याची पट्टी लाकडावर हलकेच टेकवली, पुन्हा मोजला आणि गाडीकडे न्यायला निघाले. आत्यांनी बसल्या जागेवरून हात पुढं केला.

"आन हिकडं," त्या म्हणाल्या. "परत बघू दे."