छपरावरचा पेंढ्याचा बुवा

बोर्गहिल्डचं घर जळालं ते ऐन जानेवारीत. धुराड्यातली काजळी पेटली आणि बंब येईपर्यंत छप्पर खाली बसलं. बाई बहिणीकडे कॉफीला गेली होती म्हणून वाचली, एवढंच. मग ग्रोरुडच्या टेकडीवरचे जे कोणी शेजारी भेटायला येत, ते कोट घेऊन येत.

"कोट सगळेच देतात गं तोरदिस," ती बहिणीला म्हणाली, "एखादी भिंत कुणी आणत नाही."

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेला, त्यामुळे जीभ फोडणीतली. पण विम्याचे पैसे आले तशी तीही गप्प झाली. पैसे मिळाले होते जळालेल्या जुन्या घराचे आणि बांधायचं होतं आजच्या कायद्याचं. हातभर जाड भिंती, तिहेरी काचांच्या खिडक्या. उन्हाळ्यापर्यंत थांबावं तर सुतार दुसरीकडे गुंतलेले. म्हणून पाया खणता यावा यासाठी गोठून दगड झालेल्या जमिनीवर गरम पाण्याचे पाइप पसरले, वर जाड पांघरुणं घातली आणि बाळंतिणीला शेकावं तशी ती जमीन शेकत ठेवली. पैसा असा मातीत मुरत गेला.

"एवढा शेक माझ्या गुडघ्यांना कधी मिळाला नाही बरं का," बोर्गहिल्ड म्हणायची.

उन्हाळा सरताना छपराचा कणा, म्हणजे आढं, चढायची वेळ आली. त्या दिवशी मालकानं सुतारांना जेवू घालायचं आणि सुतारांनी कण्यावर हिरव्या फांद्यांचं कडं बांधायचं, अशी रीत. जेवण चुकलं, तर कड्याच्या जागी पेंढ्याचा बुवा चढतो आणि मालक किती कद्रू आहे ते पार खालच्या स्टेशनावरून दिसतं.

बोर्गहिल्डकडे आता उरले होते ते फक्त खिडक्यांचे पैसे.

"माझ्याकडून घे ना ताई," तोरदिस म्हणाली.

"तुझ्या तळघरात राहते, तुझी कॉफी ढोसते. आता तुझी पेन्शनही खाऊ?"

"मग त्या सुतार स्टेइनारला सरळ सांग, जेवण जमत नाही."

"जन्मभर लोकांची ताटं वाढली मी. माझेच सुतार उपाशी राहणार, हे माझ्या तोंडानं सांगू?"

तिनं तोंडानं सांगितलंच नाही. घोड्यांच्या पागेतून पेंढा आणला, मिळालेल्या कोटांतला सर्वांत ढगळ कोट ठासून भरला, पिठाच्या पिशवीचं डोकं शिवलं आणि बुवाला मांडीवर घेऊन बसनं बांधकामावर निघाली. शेजारच्या माणसानं जागा बदलली.

मुख्य सुतार स्टेइनार शिडीवरून उतरला. "हे काय, बाई?"

"तुमचे कष्ट वाचवले. चढवा."

बाकीचे सुतार पोट धरून हसले. स्टेइनारनं बुवाची शिवण ओढून पाहिली. "पक्का शिवलाय. चढवतो. पण एक सांगतो, जेवण माफ नाही. तुमची चूल पेटली की बोलवा. याला उतरवायला मी येईन, भूक घेऊन."

"आणि तोवर लोक हसतील त्याचं काय?"

"बसमधून कुणी आणला?"

बुवा चढला. खालून एक शेजारीण ओरडली, "अगं, तो माझा कोट!" बोर्गहिल्डनं मान वर केली नाही. तेवढीही ताकद उरली नव्हती.

खिडक्या उशिरा आल्या, त्याही वाढीव दरानं. पहिला बर्फ पडला तेव्हा ती नव्या घराच्या एका खोलीत राहायला गेली. भिंतींना आतून फळ्या नव्हत्या, जमीन उघडीच. उरलेले कोट अंगावर घेऊन ती झोपायची. पण चूल पेटली होती. आंबट सायीची लापशी, वर लोणी, साखर, दालचिनी, एवढं तिला परवडत होतं. तिनं बोलावणं धाडलं.

स्टेइनार आणि त्याचे सुतार आले. त्याच्या खांद्यावर हिरवं कडं होतं. ते वर बांधून त्यानं भिजून वाकलेला बुवा खाली आणला आणि चुलीजवळच्या बाकावर टेकवला. सगळे जेवायला बसले. बोर्गहिल्डनं वाढलं, पुन्हा वाढलं आणि घटकाभर टेकावं म्हणून बुवाशेजारी बसली.

"बाई, अजून थोडी वाढता का?" स्टेइनारनं वाडगा पुढे केला.

बुवाच्या ओल्या खांद्यावर डोकं टाकून ती गाढ झोपली होती, हातात डाव तसाच. स्टेइनारनं तो अलगद काढून घेतला, चुलीत एक लाकूड सारलं आणि आपलं आपण वाढून घेतलं.