साबणाशिवाय दिवाळसण

तुम्हाला नको असलेली वस्तू तुम्ही शेवटची कधी विकत घेतलीत, आणि कुणाच्या भीतीनं?

सोलापुरातल्या आमच्या बोळात आम्ही सगळ्याच घ्यायचो. दुष्काळ सरला होता, टंचाई सरली नव्हती. वनस्पती तुपाचा डबा मागितला, की कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार त्यावर न खपलेल्या साबणाच्या वड्या ठेवायचा. साबण घ्या, तरच डबा. त्या साबणाला ना फेस, ना वास.

माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. मी अक्षरं शिकले तीच पत्रकांवर, त्यामुळे अन्याय दिसला की मला पत्रक सुचतं. त्या दिवाळीआधी मी एक लिहिलं आणि दारोदार वाचून दाखवलं: ‘साबण गळ्यात मारणाऱ्याचा डबाही नको!’

आई भडकली. ताईचा पहिला दिवाळसण होता. जावई मंगळवेढ्याहून यायचे होते.

"पैल्या सणाला जावयाच्या ताटात करंजी न्हाय? तुजी पत्रकं तळून वाढू व्हय गं?"

"तळायचंच कशाला? शेंगांच्या पोळ्या कर की."

"ती गावाला जाताना बांधून न्यायची पोळी. सणाला वाढत्यात व्हय? सासरी ताईला टोमणे मारतील, ते ऐकायला तू जाणार हायस?"

पत्रकात मी ताईच्या सासरचा विचारच केला नव्हता.

शेजारच्या अक्का विड्या वळायच्या. घरात तेलुगू बोलायच्या, भांडायच्या मात्र खणखणीत मराठीत. आमचं भांडण ऐकून त्या आल्या आणि आईला हाताला धरून दुकानात घेऊन गेल्या. मी मागोमाग. दुकानदारानं डबा ठेवला, वर साबण ठेवला. आईनं साबण बाजूला सारला. त्यानं डबाच मागे ओढला.

"घ्यायचं तर दोन्ही. न्हायतर राहू द्या."

"मग राहू द्या," आई म्हणाली. तिनं पिशवीची घडी केली.

"पैल्या आंघोळीला तुमीच लावा, शेट," अक्का म्हणाल्या. "फेस आला तर हाक मारा. सगळी गल्ली बघायला येईल!"

रांगेत मागे उभ्या असलेल्या बायका खो-खो हसल्या आणि रिकाम्या पिशव्या घेऊन आमच्याबरोबरच पायरी उतरल्या.

मग बोळभर भाजलेल्या शेंगांचा वास सुटला. कुणी कूट करत होतं, कुणी गूळ किसत होतं. अक्का लाटणं थांबवून दुकानदाराची नक्कल करायच्या आणि तव्यावरची पोळी करपायची.

दिवाळसणाला दाजी पाटावर बसले. अर्धी पोळी खाल्ली आणि हात आखडून बसले. पहिल्या सणाला जावयानं रुसून काहीतरी मागायचं, ही रीतच. पण आईला त्या क्षणी रीत आठवली नाही. तिला फक्त ताटात नसलेली करंजी दिसत होती.

"काय चुकलं का, जावईबापू?"

"मागीन ते दिलं तरच जेवणार."

"मागा की."

"ह्या पोळ्या डबाभर बांधून द्या. आईला दाखवतो. तिच्या फळीवर बी असल्याच साबणाचा ढीग पडलाय."

ताईनं त्यांना आधीच सगळं सांगितलं होतं. ती पदरात तोंड लपवून हसत होती. आईनं डोळे पुसले, "आदी जेवा तरी!" म्हणाली आणि न विचारता आणखी दोन पोळ्या वाढल्या.

दिवाळी सरली तेव्हा दुकानात साबण वेगळा आणि डबा वेगळा मिळू लागला होता.

तेव्हा एवढं कराच. उद्या कुणी नको ती वस्तू गळ्यात मारू लागला, तर पिशवी घडी करा आणि पायरी उतरा. फक्त एकट्यानं जाऊ नका. घरून निघताना शेजारणीला हाक मारा.