छत्र्यांच्या पेटीत बंदूक

मंडळी, आजचा ताप ऐका. माझं नंदुरबारात छत्र्यांचं दुकान आहे. सकाळी स्टेशनवरून मुंबईच्या छत्र्यांची म्हणून लांबडी पेटी आली. बायको म्हणाली, "पहिले कुकू लावा, मंग उघाडा." लावलं. उघडली तर आत बंदूक, दस्त्यावर कुण्या गोऱ्या साहेबाचं नाव.

माझ्याकडे परवाना नाही. धावत जाऊन फौजदारांना घेऊन आलो. त्यांनी बंदुकीआधी पेटीवरचं ओलं कुंकू पाहिलं. "चुकून आलेल्या मालाची कोणी पूजा करतं का, शेठ?"

दुपारभर सांगतोय, साहेब, पूजा छत्र्यांची होती. ऐकतील तर शपथ. बंदूक नेली आणि उद्या मला ठाण्यात बोलावलं.

बायको म्हणते, निघताना कपाळाला कुंकू लावून जा. आता हिला काय सांगू, तुम्हीच बोला.