आतून आईचं

शिवलेला कपडा हातात द्यायच्या आधी ती तो उलटा करायची. समोरची बाई वरची जर बघायला उतावीळ झालेली असायची. पण ही आधी आतली बाजू दाखवणार, शिवणीवरून अंगठा फिरवणार आणि म्हणणार, "बघ. वरून दुकानाचं, आतून आईचं." मग कुठं कपडा सुलटा व्हायचा.

गावात तिला सगळेच मावशी म्हणत. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल, जिला सख्खं कुणी नसतं आणि म्हणूनच जी गावाची मावशी होऊन बसते. आमचं गाव दुष्काळी भागातलं, पालीच्या पुढं, डोंगराच्या कडेला. बायकांच्या शिवण सोसायटीची मशीन आणि माझी बालवाडी एकाच खोलीत भरायची. मधे एक पडदा. तिकडून मशीनची खडखड, इकडून माझ्या पोरांची गाणी. पडद्याआडून ती ओरडायची, "बाई, तुमची पोरं गाणं म्हणत्यात का टँकर आल्यावानी बोंबलत्यात?" मला राग यायचा. पण पोरं खरंच बोंबलत असायची.

दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला कारखान्यांकडं निघून जायचं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायचं. बारकी लेकरं आजी-आजोबांजवळ राहायची. जाण्याआधी प्रत्येक आई पाडव्याच्या कपड्यांचं कापड मावशीकडं देऊन जायची. सोबत स्वतःच्या अंगावरच्या जुन्या साडीचा तुकडाही द्यायची. "न धुता आण," असं मावशीनं बजावलेलं असायचं. तो तुकडा ती अंगड्याला, परकर-पोलक्याला आतून अस्तर म्हणून लावायची. चैत्राच्या उन्हात नवं खरखरीत कापड लेकराच्या अंगाला टोचत नाही, हे एक कारण. दुसरं कारण ती सगळ्यांना सांगत नसे. सहा महिन्यांनी आलेल्या आईला लेकरू ओळखत नाही. आजीच्या मागं लपतं. ती बाई हात पसरून तशीच उभी राहते, आणि ते मला कधीच बघवलं नाही. मावशीचं म्हणणं असं, की आईच्या साडीचं अस्तर आधी चार दिवस अंगाला लागलं तर लेकरू बिचकत नाही. खरं-खोटं देव जाणे. अस्तर घालूनही भोकाड पसरणारी पोरं मी पाहिली आहेत. मावशी ती हिशोबात धरतच नसे.

मायाळू वगैरे दिसायची नाही हं ती. माप घेताना पोर चुळबुळ करायला लागलं की दंडाला धरून दरडावायची, "हालू नगं, सुईला डोळे न्हाईत." तोंडात टाचण्या असल्यामुळं ते आणखीच भयंकर वाटायचं.

एका वर्षीचा दुष्काळ लई वाईट होता. धरणाचा तळ उघडा पडला होता. त्याआधीच्या उन्हाळ्यात गावच्या विकास सोसायटीची निवडणूक झाली होती आणि एका पॅनेलनं घरोघरी एकसारख्या साड्या वाटल्या होत्या. हिरव्या, लाल काठाच्या. पाण्याच्या टँकरवर पाठमोरी बाई कोण, हे ओळखायची पंचाईत झाली. दसऱ्यानंतर सुमन आणि मीरा एकाच दिवशी मावशीकडं आल्या. दोघींची लेकरं माझ्या बालवाडीच्या उंबऱ्याशी रांगलेली, सुमनची राणी आणि मीराचा सोन्या. दोघींनी दिलेले तुकडे त्याच हिरव्या साड्यांचे होते. मावशी एरवी प्रत्येक तुकड्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायची. त्या दिवशी दोरा ओवायच्या आतच टँकरचा भोंगा वाजला. ती घागर घेऊन पळाली. परत आली तेव्हा माझ्या पोरांनी दोन्ही तुकडे अंगावर घेऊन लग्न-लग्न खेळायला घेतलं होतं. ती पोरांना रागावली, तुकडे उचलून पेटीत टाकले आणि दोरा राहून गेला.

माघात बातमी आली. सुमनला उसाच्या फडात साप चावला. सगळं तिकडंच उरकावं लागलं. नवरा आला तो रिकाम्या हातानं. घरातले तिचे कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले होते. राणीची आजी पदर डोळ्याला लावत मावशीकडं आली. म्हणाली, "पोरीला आईचं म्हणून तुज्याकडचं तेवढंच राह्यलं बघ."

कपडे शिवून तयार होते. मावशीनं राणीचं पोलकं काढलं, सवयीनं उलटं केलं आणि तिचा अंगठा शिवणीवर थांबला. तिनं "बघ" म्हटलं नाही. "पाडव्याला देते," एवढंच बोलली.

आजी गेल्यावर तिनं राणीचं पोलकं आणि सोन्याचं अंगडं, दोन्ही माझ्यासमोर टाकले. "बाई, ह्यातलं सुमनचं अस्तर कंचं, मला ठाव न्हाई."

तिनं दोन्ही हुंगून पाहिले. घामाचा, धुराचा वास, दोन्हीला सारखाच. मी राणीला पुढं बसवलं, दोन्ही कपडे तिच्यासमोर ठेवले. पोर एकावर बसली, मग दुसरा ओढून डोक्यावर घेतला आणि हसायला लागली. मला रडू आलं.

"कुणाला कळणार आहे मावशी?" मी म्हणाले. "राणीचं म्हणून शिवलंय, राणीला द्या."

"मला कळतंय की," ती म्हणाली. "आतून परक्या बाईचं घालून तिला आईचं म्हनू?"

पाडव्याच्या आदल्या दिवशी मीराची ऊसतोडीची टोळी आली. तोवर मावशीनं दोन्ही अस्तरं उसवून ठेवली होती. ती तडक मीराच्या घरी गेली, मलाही सोबत नेलं. सगळं सांगितलं, आपली चूक होती तशी सांगितली. मग म्हणाली, "दोन्हीचं आर्धं-आर्धं कापते. दोन्ही लेकरांना दोन्ही लावते. मंजी राणीच्या अंगावर तिची आई नक्की आली. पर सोन्याच्या अंगावरबी येती. तू न्हाई म्हनलीस तर न्हाई."

मीरा काही बोलायच्या आत तिची सासू उसळली. "मेलेल्या बाईचं लुगडं माज्या नातवाच्या अंगाला? सणाच्या दिवशी? का म्हून? तुमी चूक करायची आन आमी निस्तरायची?"

मावशी खाली मान घालून बसली. तिला अशी बसलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

मग मीरा बोलली. "आत्याबाई, आमी दोघी फडावर पाचटाच्या एका कोपीत निजत हुतो. मला ताप आलता तवा तिनं माज्या वाटणीचा ऊस तोडला. लावा मावशी."

सासूनं तोंड फिरवलं. मावशीनं त्याच दिवशी मशीनवर बसून दोन्ही कपडे पुरे केले.

सुमनच्या घरी त्या वर्षी गुढी नव्हती. पण लेकराला दुखवटा नको म्हणून आजीनं राणीला नवे कपडे घातले आणि देवीच्या माळावर कडुलिंबाखाली आणलं. तिथं सगळा गाव जमला होता. लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठी, पलीकडं कुणाचं जावळ चाललेलं, दुष्काळातली साधी पंगत. मीरानं सोन्याकडं हात पसरले. सोन्या आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून बसला. मीरा तशीच खाली बसली. तेवढ्यात राणी आजीचा हात सोडून तुरुतुरु आली आणि मीराच्या मांडीत बसली. मीरानं तिला छातीशी धरलं आणि ती ओक्साबोक्शी रडली. हे बघून सोन्याला हेवा वाटला. राणीला ढकलून तोही मांडीत शिरला.

मीराची सासू बघत होती. तिनं सोन्याच्या गळ्यातल्या गाठीचं एक पदक मोडलं आणि राणीच्या हातात दिलं. मावशी लांब, लिंबाच्या बुंध्याशी उभी होती. पंगतीत बसली नाही, घरी गेली.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, ऐन फाल्गुनात मावशी गेली. पाडव्याचे कपडे बेतून ठेवलेले होते. टोळ्या अजून आलेल्या नव्हत्या. गावात होतो तेवढ्यांनीच तिला पोचवलं. पडदा तसाच राहिला, पण पलीकडून ओरडणारं कुणी नव्हतं. माझी पोरं गाणी हळू म्हणायला लागली की काय, असं मला वाटायचं.

त्या पाडव्याला मी माळावर जायला टाळत होते. मीराची सासू दारात आली. काखेत मीराचं नवं लेकरू आणि हातात कुंची. कुंची तिनं हातानंच शिवलेली, टाके वाकडेतिकडे. माझ्या हातात द्यायच्या आधी तिनं ती उलटी केली. आत विटक्या जांभळ्या लुगड्याचं अस्तर होतं. मावशीला रोज त्याच लुगड्यात मी पाहिलं होतं.

"पेटी उघडली तवा मीच मागून घेतलं," ती म्हणाली. "धुतलं न्हाई."

मग तिनं कुंची सुलटी केली आणि लेकराच्या डोक्यावर घातली.