शालीखालचे हात

"आजी, हा तुमचा कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"हा? नाटक्या हाय. नादी लागू नका त्याच्या."

मी उठून मुजरा केला. सगळे हसले. मग डॉक्टरांनी माझं नाव विचारलं, तर आई नुसती बघत राहिली. "डिमेन्शिया," डॉक्टर म्हणाले. म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाणं. लग्नाकार्यांत नकला करून माइक गाजवणारा मी, घरी पोचेपर्यंत तिला माझंच नाव शिकवत होतो.

पुढे आई घरातून निघून जाऊ लागली, तेव्हा तिला आमच्या नाशिकमधल्याच एका वृद्धाश्रमात ठेवलं. महिन्याभरात व्यवस्थापकांचा फोन आला. "सारख्या उठतात. पडतील. खुर्चीला बांधावं लागेल."

तिथला नायलॉनचा पट्टा बघून माझ्यातला श्रावणबाळ खवळला. मी आईचं जुनं, मऊ सुती लुगडं नेऊन दिलं. "हे कमरेला बांधा. काचणार नाही." आपल्या या मायेचं मी चार ठिकाणी कौतुकही सांगितलं.

रविवारी तिथे माझा नकलांचा कार्यक्रम झाला. मी नवरदेव झालो, रुसलेली आत्या झालो. आजीआजोबांनी टाळ्यांचा कडकडाट केला. फक्त आई टाळी वाजवेना. मांडीवर शाल घेऊन बसून होती. मला राग आला, खरंच राग आला. खाली उतरून म्हटलं, "काय बाई, आवडलं नाही का?" आणि शाल ओढली.

दोन्ही मनगटं खुर्चीच्या हातांना बांधलेली. त्याच लुगड्याच्या पट्ट्यांनी.

"कमरेची गाठ सोडतात ओ त्या," तिथल्या मावशी पुटपुटल्या. सोडणारच. मखमलाबादच्या मळ्यात जन्मभर कोथिंबिरीच्या जुड्या बांधलेल्या बाईला गाठीचं काय!

मी गाठी सोडल्या. मनगटं लाल झाली होती. आई म्हणाली, "भाऊ, तुमचं लय उपकार."

डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "याला फिजिकल रिस्ट्रेंट म्हणतात, माणसाची हालचाल बांधून रोखणं. कापड मऊ असलं तरी तेच. त्याने पायांतली ताकद जाते, सुटायच्या धडपडीत जास्त लागतं. त्या का उठतात, हे कोणी शोधलं?"

कोणीच नाही. तपासणीत लघवीचा जंतुसंसर्ग निघाला. बिचारी संडास शोधत होती, सांगता येत नव्हतं.

औषध सुरू झालं. पलंग बुटका केला, न घसरणाऱ्या चपला आणल्या. मावशी तिला वेळोवेळी बाथरूमला नेतात, हात धरून फिरवतात. "पडल्या तर?" व्यवस्थापकांनी विचारलं. ती भीती आहेच. पण बांधून भीती जात नव्हती, फक्त शालीखाली झाकली जात होती.

तुमचं कोणी अशा ठिकाणी असेल, तर आधी शाल उचलून बघा. मी आधी टाळ्या मोजत बसलो.

परवा माझ्या सगळ्यात भारी विनोदाच्या ऐन मध्यात आई उठली. "चला मावशी, लय बोलतो हा," म्हणत, मावशींचा हात धरून चालती झाली.

मी वाट सोडून बाजूला झालो आणि वाकून मुजरा केला. या वेळी कोणी हसलं नाही तरी चाललं असतं.