शाकाहारी राखणदार

आमच्या पार्कातला राखणदार मी बसवला आहे. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, कारण ती दर अमावास्येला माझ्याच हाती त्याच्यासाठी नारळ पाठवते आणि तो मी निमूट नेऊन फोडतो.

पार्क म्हणजे महाड सोडून पोलादपूरकडे निघालं की हायवेला लागून आहे ते. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा, लाटांचा तलाव. मी तिथले पंप आणि मोटारी सांभाळतो. पार्क उभं केलं महाडच्या एका ट्रकवाल्या शेटने. आखातात बरीच वर्षं काढून आलेला माणूस. तिकडे कुठेतरी ही मजा पाहिली आणि इथे भाताच्या खाचरांत आणून ठेवली. त्याच्या राज्यात तिकिटाचा दर तोंड बघून ठरायचा. एमआयडीसीतला कामगार बायकामुलांना घेऊन आला तर निम्म्यात आत, आणि मुंबईची गाडी दिसली की "आज लाटा चालू हायेत" म्हणून जास्त. लाटा रोजच चालू असायच्या. बटण मीच दाबायचो.

शेटचा जीव मात्र छोट्या आगगाडीवर. पार्काच्या मागच्या अंगाला ती गोल फेरी मारायची. चालवायचे माझे भावोजी, कापडे गावचे. पावसाळ्यात भातशेती आणि उरलेलं वर्ष आगगाडी. शेटने दिलेली ड्रायव्हरची टोपी ते नांगरणीलाही घालत. कँटीन होतं भाईकडे. तोही महाडचा, माझ्याहून थोडा मोठा, आणि पार्कात माझा दोस्त म्हणावा असा तेवढाच एक. त्याच्या हातचा कोंबडीचा रस्सा खायला लोक तिकीट काढून आत यायचे आणि पाण्यात पाय न घालता परत जायचे.

शेट थकला. मुलं आखातातच रमली होती, त्यांना घसरगुंड्या नको होत्या. पार्क मुंबईच्या एका कंपनीने घेतलं. पहिल्याच आठवड्यात आम्हाला एकाच मापाचे टी-शर्ट मिळाले. भावोजींचा मांडीपर्यंत आला, भाईचा बेंबीशी थांबला. मग दोन साहेब लॅपटॉप घेऊन सगळीकडे फिरले आणि मीटिंगमध्ये म्हणाले, आगगाडीला काही उत्पन्न नाही, ती काढायची आणि तिथे तारेला लोंबकळत जायचा खेळ आणायचा.

बहिणीला मी फोनवर सांगितलं. ती नुसती "बरं" म्हणाली. तिने आरडाओरडा केला असता तर मी गप्प बसलो असतो. त्या "बरं"ने माझं डोकं फिरलं. दुसऱ्या मीटिंगमध्ये, जन्मात पहिल्यांदा, मी न विचारता तोंड उघडलं.

"साहेब, मध्ये राखणदार आहे. गाडी त्याला प्रदक्षिणा घालते. बंद करणं बरं नाही."

आमच्याकडे प्रत्येक शिवाराला राखणदार असतो. सातबारा कुणाच्याही नावाने असो, जागा त्याची. वर्षातून एकदा त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा, मग तो सगळ्यांकडे बघतो. पार्काच्या जागेत असा कुणी नव्हता. असेलही, पण मला तरी ठाऊक नव्हता. म्हणून जेवणाच्या सुट्टीत, सगळे कँटीनमध्ये असताना, गाडी घरंगळू नये म्हणून चाकाखाली लावायचा काळा दगड मी उचलला, रुळांच्या आत करंजाखाली ठेवला आणि त्याला शेंदूर फासला. शेंदूर पुरेना, तेव्हा मागच्या बाजूला गेटच्या ऑइलपेंटचा हात मारला.

साहेब बघायला आले. वाटलं, आता हसतील. त्यांनी बूट काढले. पुढे कळलं, त्यांचे मुंबईचे मोठे मालक खुर्चीची दिशा पाहिल्याशिवाय सहीसुद्धा करत नसत. आगगाडी वाचली. भावोजी मात्र संध्याकाळी रुळांवर वाकून काहीतरी शोधत होते.

"दगड कोण नेणार रे? दगड काय खायचा हाय?"

"दुसरा घ्या ना, भावोजी."

"तो बरोबर बसायचा रे चाकाला!"

राखणदार इतके दिवस पाल्याखाली झाकलेला होता, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच भावोजी टोपी काढून त्याच दगडासमोर हात जोडून उभे. शेंदूर लागल्यावर त्याची ओळखच बदलली होती.

त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून रीतसर राखण दिली. कोंबडा भाईने शिजवला. वाढता वाढता म्हणाला, "कंपनीवाले घरून डबे आणतात. तुमचा राखणदार बरा, माझ्या हातचं खातो."

"खातो कुठे? आपणच खातो, भाई."

"म्हणून तर बरा!"

चांगलं चाललं होतं. तेवढ्यात मुंबईवाल्यांनी पार्क पुण्याच्या एका ग्रुपला विकलं. आम्हाला ते टी-शर्टचा रंग बदलला तेव्हा कळलं. पुण्याहून एक मोठ्या मॅडम पाहणीला आल्या. पांढरा सुती कुर्ता, आवाज मऊ. मॅनेजर फोन आला म्हणून बाजूला गेला आणि राखणदारापाशी मॅडम आणि मी असे दोघेच उरलो. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, "यांना नैवेद्य कशाचा असतो हो?"

कापड्याचं शेंबडं पोरही सांगेल. कोंबडा, आणि जमलं तर वर थोडी दारू. पण त्या पांढऱ्या कुर्त्यासमोर माझी जीभ रेटेना. वाटलं, काय म्हणतील आपल्याला? आपला देव जरा बरा दिसू दे. मी म्हणालो, "खीर, मॅडम. पूर्ण शाकाहारी आहेत ते."

देवाला "ते" म्हटलं हेही मला नंतर जाणवलं. राखणदाराला आम्ही अरेतुरे करतो.

महिन्याभरात हुकूम आला. आवारात शाकाहारी देवस्थान असल्यामुळे कँटीनही शाकाहारी. गेटवर नुसता गोंधळ उडाला.

"आपल्या शिवारातला राखणदार, आणि खीर खातो? आजारी हाय काय?"

"मालक बदलले तसा तो पन बदलला. आता शुगर होईल त्याला."

मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो.

भाईने पनीर करून पाहिलं. गिऱ्हाईक एक घास खाई आणि काळजीने विचारी, "आज तब्येत बरी नाय का?" मग कँटीन पुण्याच्या कुणा केटररला गेलं. भाईने टोप, परात, शेगड्या टेम्पोत भरल्या. मोठा टोप उचलायला मी एका कडीला होतो, तो दुसऱ्या.

"खिरीचं त्यांना सांगितलं कुणी रे?"

"वरून आलं, भाई."

"वरच्यांना काय ठाऊक इथलं? जाऊ दे. उचल नीट, पायावर टाकशील."

तो असं बोलला आणि मी नीट उचललं. एवढंच.

पुढे पुणेवाल्यांनीही पार्क विकलं. आताचे मालक कुठे असतात ते मॅनेजरलाही सांगता येत नाही. त्यांनी पहिल्या झटक्यात आगगाडी भंगारात काढली. राखणदाराला कुणी विचारलंही नाही. जिच्यासाठी मी एवढा उपद्व्याप केला, ती रुळांसकट एका ट्रकमधून गेली. राखणदार मात्र राहिला. एव्हाना त्याला मुंबईहून नवस यायला लागले होते. कंपनीने त्याला स्टीलचं कुंपण केलं, "प्राचीन" अशी पाटी लावली आणि पूजेअर्चेला भावोजींना ठेवलं. ते टोपी घालूनच पूजा करतात.

"एवढ्या फेऱ्या घातल्या याला," ते मला सांगतात, "म्हणून याने मला सोडला नाय."

भाई सध्या पोलादपुरात, आंबेनळी घाटाकडे वळणाऱ्या रस्त्याला, हातगाडीवर भुर्जीपाव विकतो. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या आल्या तर धंदा, नाहीतर बसून राहायचं. मी आठवड्याला जातो. तो पैसे घेत नाही, म्हणून मी कमी खातो. गेल्या खेपेला म्हणाला, "नवी कंपनी कँटीन नव्याने देतेय म्हणे. मी अर्ज टाकलाय. तू जुना माणूस, तुझं ऐकतील. एक शब्द टाक."

"टाकतो," मी म्हणालो.

परवा मीटिंग झाली. अर्जांत भाईचा अर्ज होता. मॅनेजर म्हणाला, "माणूस चांगला वाटतो, पण नॉनव्हेज कसं चालेल? आत देवस्थान आहे, खिरीचा नैवेद्य." आणि माझ्याकडे वळला. "तुम्ही इथले. देवाला चालेल का हो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "चालतंय, साहेब, तो मूळचा कोंबडाच खातो" एवढंच म्हणायचं होतं. भावोजींचं काही बिघडलं नसतं, राखणदाराचंही नाही. फार तर कुणी विचारलं असतं, मग खीर कुणी सांगितली?

मी म्हणालो, "बघायला लागेल, साहेब."

ठरवायचं पुढच्या मीटिंगवर गेलं आहे.

त्याआधी मला पोलादपूरला जाऊन भाईला सांगायचं आहे की त्याचं कँटीन वरून गेलं नाही, माझ्या तोंडून गेलं. आणि नंतर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगायचं आहे की राखणदार कोंबडा खातो. दोन्ही माझ्याकडे बाकी आहे.